घरीच ना?

"अजून वर. अरे, खिडकी दिसतेय मागे," वल्लरी म्हणाली.

प्रणव खुर्चीवर चढला आणि त्यानं चादर दोन्ही हातांनी हनुवटीपर्यंत उंच धरली. बॉनमधल्या त्या हॉटेलच्या भिंतीला एक खिळा असेल तर शपथ! चादर मात्र घरची होती, एर्लांगेनहून घडी घालून बॅगेतून आणलेली. लाल कोयऱ्यांची, एरवी सोफ्यामागच्या भिंतीवर टांगलेली असायची. साताऱ्याला वल्लरीच्या आईला ती पाठ झाली होती. ती मागे दिसली की पोरगी घरात आहे.

हा सगळा खटाटोप ईस्टरपासूनचा. दोघं व्हिएन्नाला गेली होती, आणि तिकडे साताऱ्यात बाबांची अँजिओप्लास्टी झाली. सांगितलं कधी, तर ही दोघं परत येऊन, बॅगा रिकाम्या करून, कपडे धुऊन वाळत घातल्यावर. वर आणखी, "तुम्ही मजेत होतात, कशाला विरजण घालायचं?" मजा कसली डोंबलाची! जोडून सुट्ट्या आल्या की एर्लांगेनमध्ये दुकानं बंद, रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि घर खायला उठतं. म्हणून मग प्राग, म्हणून व्हिएन्ना, म्हणून उद्या ॲमस्टरडॅम. फोटोत दोघं हसायची आणि घरच्यांना ते खरं वाटायचं. ईस्टरनंतर वल्लरीनं ठरवून टाकलं, जायचं, पण सांगायचं नाही. आपण घरी आहोत असं त्यांना वाटलं, तरच आपल्याला खरं कळेल.

"आल्झो, चल, लाव ना आता फोन," वरून प्रणव जर्मन सवयीनं म्हणाला. "हात भरून आले माझे."

फोन लागला. आईचा चेहरा अगदी जवळून दिसला. तिच्या मागे हिरवट भिंत होती. साताऱ्याच्या घरात हिरवी भिंत नव्हती.

"आई, कुठे आहेस तू?"

"तू कुठे आहेस ते आधी सांग. घरीच ना?"

"घरीच."

"नक्की? सुट्ट्या आहेत ना तुमच्याकडे? कुठे फिरायला नाही ना गेलात?"

"छे गं. ही काय चादर."

आईनं चादर नीट बघून घेतली. मग तिचा चेहरा एकदम पडला. इतका वेळ तिनं तो कसाबसा सांभाळला होता.

"मग सांगते. ह्यांना काल ॲडमिट केलंय. आयसीयूत आहेत. श्वासाला मशीन लावलंय. डॉक्टर धड काही बोलत नाहीत, नुसतं विचारतात, मुलं कुठे असतात तुमची."

वल्लरीला रडूच फुटलं. प्रणव तिच्या मागे हातभर अंतरावर उभा होता, आणि त्याला तिच्या खांद्यावर हात ठेवता येईना. चादर सोडायची सोय नव्हती.

"रडू नकोस बाई, तू रडलीस की माझे हातपाय गळतात," आई म्हणाली. "एक काम कर. देवापुढे दिवा लाव. मी कालपासून इथं दवाखान्याच्या जिन्यात बसलेय, घरी देवांना कुणी हात लावलेला नाही. तुझ्याकडे तरी लागू दे. फोन देवांसमोर धर, मी इथूनच नमस्कार करते."

तिनं फोन पायरीवर टेकवून ठेवला आणि खरोखरच हात जोडले. डोळे मिटले.

वल्लरीनं वळून वर पाहिलं. 'नेटवर्क गेलं म्हण,' अशी प्रणवनं नुसत्या ओठांनी खूण केली. काय अवघड होतं? रोजच जातं. पण आई डोळे मिटून दिव्याची वाट बघत होती. तिच्यापुढे धरायचं काय, हॉटेलची किटली? देव एर्लांगेनला, स्वयंपाकघरातल्या फळीवर, कुलूप लावलेल्या घरात होते.

"आई," ती म्हणाली, "आम्ही घरी नाही आहोत."

प्रणवचे हात आपोआप खाली आले. मागे खिडकी होती, खिडकीत ऱ्हाइन नदी, आणि नदीतून एक लांबलचक मालबोट चालली होती. आईनं डोळे उघडले आणि ते सगळं पाहिलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "फिरायला गेलायत होय?"

"आई, आम्ही आत्ता निघतो. मिळेल त्या विमानानं येतो. बाबांना सांग..."

"काही नको! कशाला यायचंय?" आईनं पदरानं चेहरा पुसला आणि चक्क हसली. "मी पण ना, मेली, वाढवून सांगते. ॲसिडिटी आहे गं साधी. मशीन काय, हल्ली सगळ्यांनाच लावतात. बसलेत मस्त. चहा मागताहेत."

"आई, खोटं बोलू नकोस. पाया पडते तुझ्या."

"खोटं कशाला बोलू? प्रणवराव, तुम्ही तरी समजवा हिला. नदी किती छान दिसतेय! फिरा मजेत. फोटो पाठवा, ह्यांना दाखवते."

तिच्या मागून कुणीतरी मोठ्यानं विचारलं, "साळुंखेंचे नातेवाईक कोण आहेत? डॉक्टर बोलावताहेत, लवकर या."

आई कठड्याला धरून उठली.

"ठेवते गं," ती म्हणाली. "दारात भाजीवाला आलाय."