सात नंबरचा सांधा

दिवा हिरवा होता आणि इंजिन सायडिंगला गेलं.

तपासनीसाने ते उचलून पुन्हा मेन लाइनवर ठेवलं. सात नंबरचा खटका खाली-वर केला, दिवा हिरवा असल्याची खात्री केली आणि गाडी सोडली. इंजिन ऐटीत आलं, सांध्यापाशी किंचित अडखळलं, डावीकडे बाजूच्या रुळावर वळलं आणि सायडिंगच्या टोकाला जाऊन उभं राहिलं. दिवा हिरवाच.

खोलीभर पसरलेल्या फळीवरच्या त्या छोट्या रेल्वेत अकरा सांधे होते, म्हणजे रूळ फुटून दुसरीकडे जातात त्या अकरा जागा. पॅनेलवर प्रत्येक सांध्याला एक खटका आणि दोन एलईडी. सरळ रस्त्याला हिरवा, फाट्याला लाल. दहा सांधे शहाण्या मुलांसारखे वागत होते. पाच वाजता मॉडेल रेल्वे क्लबची मंडळी येणार होती, मांडणी प्रदर्शनात घ्यायची की नाही ते ठरवायला. गेल्या वर्षी त्यांनी चहा पिऊन, बिस्किटं संपवून, ‘पॅनेल नसलेली मांडणी म्हणजे खेळणंच हो’ असं म्हणून ती नाकारली होती. आता सव्वाचार झाले होते.

त्याने एलईडी बदलला. मग रेझिस्टर बदलला. मग अंगठ्याला चटका बसला, तो तोंडात घालून त्याने दिव्याच्या तारा उलटसुलट जोडल्या. तेव्हा दिवा दुसऱ्या बाजूने खोटं बोलू लागला. तारा त्याने पुन्हा होत्या तशा केल्या. हिरवी वायर संपली म्हणून गेल्या आठवड्यात सगळीकडे लालच वापरली होती. आता पॅनेलच्या पोटात बोट घालून कुठली तार कुठे जाते हे फक्त देवच सांगू शकला असता, आणि तोही नाखुशीने.

“अहो,” स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, “जरा पोरीच्या खोलीत डोकावा ना. काल आल्यापासून दार लावून बसलीये.”

मुलगी काल संध्याकाळी सासरहून दोन बॅगा घेऊन आली होती. सहज आले, म्हणाली होती.

“काय गं,” तो बसल्या जागेवरून ओरडला, “ठीक आहे ना सगळं?”

“ठीक आहे, बाबा,” बंद दारातून आलं.

“ठीक आहे म्हणते,” त्याने उत्तर जसंच्या तसं स्वयंपाकघराकडे पाठवलं. कचेरीतही तो हेच करायचा. इतरांनी तपासलेल्या गोष्टींच्या कागदावर ‘तपासले’ म्हणून सही करायची, हे त्याचं काम होतं, आणि ते तो चोख करायचा.

खिडकीपाशी त्याचे सासरे बसले होते. रेल्वेत चौतीस वर्षं सांधेवाले होते. या मांडणीत त्यांना कोणी काही विचारलं नव्हतं, आणि त्यांनीही मनाला लावून घेतलं नव्हतं.

“जावईबापू, त्या दिव्याला कोण सांगतं हो, हिरवा हो म्हणून?”

“खटका.”

“आणि सांध्याला?”

“खटकाच. एका खटक्यात दोन्ही जोडण्या आहेत. सोय असते तशी.”

“म्हणजे दिव्याची आणि सांध्याची कधी गाठच पडली नाही.”

तपासनीसाने सोल्डरिंगचं यंत्र हातात धरूनच मान वर केली.

“हुकूम निघाला, एवढंच तो दिवा सांगतो,” सासरे म्हणाले. “पाळला की नाही, ते त्याला काय ठाऊक? आमच्याकडे कॅबिनमधून हुकूम यायचा. आम्ही रुळापर्यंत चालत जायचो, वाकून बघायचो. सांध्याची सरकती पट्टी रुळाला नीट टेकलेली दिसली, की मगच हिरवा.”

तासभरात पहिल्यांदा तपासनीस पॅनेल सोडून फळीवर वाकला. सात नंबरच्या सांध्याच्या फटीत खडीचा एक दाणा बसला होता. तिळाएवढा. खडी त्यानेच चिकटवली होती, गेल्या रविवारी, मोठ्या हौसेने. चिमट्याने दाणा काढला. पट्टी खट्‌कन सरळ झाली. इंजिन आलं आणि मेन लाइनवरून, जणू काही झालंच नाही अशा थाटात, निघून गेलं.

दिवा हिरवा होता. सांधा अडकला होता तेव्हाही हिरवा, सुटला तेव्हाही हिरवा. अकराच्या अकरा दिव्यांच्या तारा फळीखाली थेट सांध्यांपर्यंत न्यायच्या, तर दोन दिवस हवे होते. हाताशी वीस मिनिटं होती. क्लबच्या लोकांना यातलं काही कळणार नव्हतं. ते पॅनेलकडेच बघणार होते.

“अहो, विचारलंत ना तिला नीट?”

‘विचारलं’ म्हणायला त्याने तोंड उघडलं, आणि मिटलं. सोल्डरिंगचं यंत्र स्टँडवर ठेवलं, प्लग काढला आणि तो आतल्या खोलीकडे गेला.

दारापाशी त्याने काही विचारलं नाही. टकटक केलं आणि दार ढकललं.

मुलगी पलंगाच्या कडेला बसली होती. कालच्याच कपड्यांत. दोन्ही बॅगा पायाशी, चेन लावलेल्या. तिने वर पाहिलं, ‘ठीक आहे’ म्हणायला ओठ हलवले, पण तो तोवर शेजारी येऊन बसला होता.

बाहेर बेल वाजली. मंडळी वेळेच्या आधी आली होती. तो उठला नाही. सासऱ्यांनी दार उघडल्याचं, खुर्च्या सरकल्याचं, पॅनेलभोवती कौतुकाचे हुंकार उठल्याचं त्याला ऐकू आलं.

“यजमान कुठे आहेत?” अध्यक्षांनी विचारलं.

“बसा ना. सांधा बघायला गेलेत.”

“सगळे दिवे तर हिरवे दिसताहेत.”

“हो ना,” सासरे म्हणाले. “म्हणूनच.”