उसना आवाज

रोममधल्या स्टुडिओत ओर्नेल्ला सिनेमातल्या झपाटलेल्या मुलीला आवाज देत होती. शूटिंग मुकंच झालेलं. परदेशी नटीला इटालियन येईना, म्हणून ती कॅमेऱ्यापुढे संवादांऐवजी नुसते आकडे म्हणायची. पडद्यावरच्या त्याच ओठांवर आता "हे शरीर माझं आहे!" बसवायचं होतं, आणि ते काही केल्या बसेना.

"अगं बाई, एवढंसं वाक्य!" काचेपलीकडून दिग्दर्शक गास्पारे करवादला.

"वटवाघळं कागदाची, किल्ला पुठ्ठ्याचा, आणि आवाज तेवढा खरा हवा होय रे तुला? लाव पुन्हा."

या खेपेला ओठ जुळले. अगदी श्वासासकट.

"वा! चल, कॉफी पाजतो," गास्पारे म्हणाला.

ओर्नेल्ला हो म्हणणार, तोच तिला दिसलं, समोर माइकजवळ तिचाच कोट चढवून तीच उभी होती. हसत हसत ती गास्पारेच्या हाताला धरून निघालीसुद्धा. ओर्नेल्ला जिवाच्या आकांताने ओरडली. आवाजच फुटला नाही.

गास्पारेने जाता जाता पडद्यावर ओठ हलवणाऱ्या मुलीकडे पाहिलं. "बघ गं, बिचारी अजून आकडेच म्हणतेय," तो हसला, आणि त्याने प्रोजेक्टर बंद केला.