पाच डिस्कचा चेंजर

"सुजयभाऊ हायत का घरात? मी महिपती. पेणवरनं आलोय, गाण्याची मशीन बघायला."

दारात उभ्या असलेल्या मारुतीचं डोकं नुकतंच भादरलेलं होतं. ते पाहिलं आणि चपला काढत असलेला महिपती तसाच थांबला.

"कधी?"

"बुधवारी. मोठा भाऊ माझा. शिफ्ट करून आला, आंघोळीला गेला, आणि संपलं."

"मला रविवारी या म्हनले होते." महिपतीला स्वतःचीच लाज वाटली. "चुकलं माझं. जातो मी."

पण मारुतीने त्याला जाऊ दिलं नाही. दादाने शब्द दिला होता, तो मोडायचा कसा? "एवढं रोह्यापर्यंत आलाव, तर बघून जावा. द्यायचं का नाय ते वहिनी सांगल."

हे तो आपला बोलून गेला. वहिनी, म्हणजे नंदा, बुधवारपासून कोणाशीच बोलली नव्हती. रडलीही नव्हती. आत ती भिंतीला टेकून बसली होती. शेजारच्या इंदुबाईंनी तिला रडवायचे सगळे उपाय करून पाहिले होते. आता थकून त्या नुसत्याच तिच्या बाजूला बसून राहत. नंदाला जेवायला वाढलं तर ती जेवत होती, झोप म्हटलं तर आडवी होत होती. घरातल्यांना त्याचीच जास्त भीती वाटत होती.

मशीन कपाटाशेजारी होतं. काळं, बसकं, पाच डिस्क एकदम पोटात घेणारं. महिपती लांबूनच बघत राहिला.

"आमचा गणपतीचा कारखाना," तो हळू आवाजात म्हणाला. "रंगाच्या हातानं मोबाईल धरवत नाय. यात पाच डिस्क घातल्या की जेवणापर्यंत हात लावायला नको. पण आज नेणार नाय हां. देवाचं काम हाय, सुतकातली वस्तू कारखान्यात चालत नाय. नेली तर तेरावं झाल्यावर नेईन."

"न्या की. आवाज म्हणाल तर एकदम भरीव." मारुतीला गाण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण भावाची वस्तू होती. "घेतल्यापासून एकदा पण रिपेरला गेला नाय."

"काका, खोटं कशाला?" सुजयची लेक भूमिका म्हणाली. रडून रडून तिचा घसा बसला होता. "बेस अजिबात नाय त्याला. दुकानातला सगळ्यात स्वस्त होता म्हणून पप्पांनी घेतला. वरचा सूर लागला की आवाज चिरकतो. पण डिस्क कधी अडकली नाय, एवढं खरं."

दोन मालक, दोन मतं. महिपतीची पंचाईत झाली. वाजवून दाखवा म्हणावं, तर सुतकाच्या घरात गाणं लावणार कोण?

भूमिकेनेच तोड काढली. "स्पीकरच्या वायरी काढते. फिरतो कसा ते तरी बघा."

तिने इंदुबाईंकडे पाहिलं. वायरी काढल्यावर ते गाणं धरायचं की नाही, हे इंदुबाईंनाही माहीत नव्हतं. "आवाज नाय ना येणार? मग लाव," त्या म्हणाल्या.

पप्पांनी घातलेल्या डिस्क आतच होत्या. भूमिकेने बटण दाबलं. हिरवे आकडे उमटले, सेकंद पुढे सरकू लागले. आत गाणं चालू झालं होतं, बाहेर काहीच नव्हतं. तिने पुढची डिस्क लावायचं बटण दाबलं. आतली थाळी खर्रर करत फिरली आणि थांबली.

"टाकते हो," नंदा म्हणाली.

एक हात जमिनीला टेकून ती अर्धी उठलीही होती. सगळे तिच्याकडे बघत राहिले.

"काय टाकतेस गो?" इंदुबाईंनी विचारलं. "कोण काय बोललं?"

"डिस्क बदलली ना." नंदाचा आवाज सरळ, कोरडा होता. "गाणं चालू असलं की मला आत स्वयंपाकघरात हाक ऐकू यायची नाय. म्हणून ते डिस्क बदलायची वाट बघायचे. तेवढ्यात चहा टाक म्हणायचे."

मारुती भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. काहीतरी बोलायला हवं म्हणून महिपतीने, घर बघायला आलेला पाहुणा विचारतो तसं, विचारलं, "वहिनी, तुम्हाला कसा वाटतो याचा आवाज?"

नंदाने खरंच विचार केला.

"काय माहीत. मी कधी नीट ऐकलाच नाय. मी आत उभी राहून, कधी थांबतोय त्याची वाट बघायची."

मग ती मशीनकडे बघत म्हणाली, "भूमे, परत बदल गो एकदा."

"आई, राहू दे ना."

"बदल."

भूमिकेने बटण दाबलं. थाळी खर्रर करत फिरली. नंदा तशीच अर्धी उठलेली होती, हात जमिनीवर, मान थोडी वळवलेली. थाळी थांबली. हिरवे सेकंद पुन्हा मुकाट्याने पुढे जाऊ लागले.

नंदाने हात जमिनीवरून काढला आणि ती भिंतीला टेकून बसली.

"तेराव्यानंतर न्या तुम्ही," ती महिपतीला म्हणाली.