सरकता धुरा

नवरा गेला त्या सालापासून जमुनाच्या वावराचा धुरा, म्हणजे बांध, सरकायला लागला. दर नांगरटीला शेजारच्या वावरातला तिचा दीर शेषराव तो हातभर उत्तरेला, तिच्या वावरात ढकलायचा. यंदा तिनं गावातली चार मोठी माणसं आणून त्याला धुऱ्यावरच गाठलं, तर हा बहाद्दर मोबाइल नाचवत म्हणाला, "मी कायले सरकवतो, वहिनी? भारताची पुरी प्लेटच वर्साले पाच सेंटीमीटर उत्तरेले सरकून राहिली. सायन्स हाय ते!"

चारही शहाण्यांनी माना डोलावल्या.

"मंग भाऊजी, हा कडुनिंब काहून नाही सरकला?" जमुनानं विचारलं. "पयले माह्या वावरात उभा होता, आता तुमच्या वावरात हाय."



संध्याकाळच्या आत शेषरावानं कडुनिंब कापून आडवा केला आणि गावभर सांगितलं, भूकंपानं पडला.