चित्रातली बाई

आत्तीला आणायला गाडी म्हसवडकडे गेली होती आणि सांगलीच्या बंगल्यात मल्हारराव सकाळपासून घड्याळांच्या मागे लागले होते. दिवाणखान्यात लहानमोठी किती घड्याळं होती ते त्यांनाच ठाऊक. फ्रेंच, जर्मन, सोनेरी मुलाम्याची, पऱ्या बसवलेली. एकाला किल्ली द्यावी तर दुसरं मागे पडलेलं.

“आवं, न्याहारी तरी करा,” त्यांची बायको हरणाबाई म्हणाल्या. “तुमच्या मडमा काय पळून जात न्हाईत.”

हा टोमणा जुनाच होता. घड्याळं सोडून जी भिंत उरली होती तिच्यावर विलायती तैलचित्रं होती, आणि बहुतेक चित्रांत गोऱ्या बायका. कुणी पियानोपाशी, कुणी बागेत. बेदाण्याच्या व्यापारात कमावलेला पैसा माणसं जमिनीत घालतात, मल्हाररावांनी तो मडमांत घातला, असं सगळं मार्केट यार्ड हसून म्हणायचं. मल्हाररावही हसायचे. खरं कारण फक्त हरणाबाईंना माहीत होतं.

मल्हाररावांना आपली आई आठवत नव्हती. ते पाळण्यात असतानाच ती तापानं गेली. वडील, धुळा, महाबळेश्वरला एका साहेबी बंगल्याचे राखणदार. राखणदाराच्या बायकोचा फोटो कोण काढणार? पोराला सांभाळायला धुळाची बहीण सुलाबाई, म्हणजे आत्ती, माण तालुक्यातून वर आली आणि चार-पाच वर्षं तिथंच राहिली. पावसाळ्यात बंगला रिकामा, पाऊस अडवायला भिंतींना गवताच्या झडी बांधलेल्या, भरदुपारी आत अंधार. पोर आईसाठी रडायला लागलं की सुलाबाई कंदील घ्यायची आणि दिवाणखान्यातल्या मोठ्या चित्रापुढं त्याला धरायची.

“ती बघ चित्रातली बाई. तुजी आई आशीच दिसायची.”

ओल्या घोंगडीचा वास, चित्राच्या दोन बाजूंना दोन घड्याळांची टिकटिक आणि कंदिलाच्या उजेडात चमकणारा निळा रेशमी झगा. मल्हाररावांजवळ एवढंच उरलं होतं. चेहरा काही केल्या आठवत नव्हता. पुढं बंगला विकला गेला, सामान दहा दिशांना पांगलं. तेव्हापासून कुठं जुनी चित्रं निघाली असं कळलं, की हा माणूस हातातलं काम टाकून निघालाच. आणलेलं प्रत्येक चित्र आत्तीला दाखवायचं आणि आत्तीनं मान हलवायची. “ह्ये न्हवं रं, मल्हारी.”

आणि गेल्या महिन्यात वाईला, एका जुन्या सामानवाल्याच्या माळ्यावर, निळा झगा सापडला. चौकटीच्या खालच्या कोपऱ्यात काजळीचा डाग. आत्तीची कंदील टेकवायची जागा! मल्हारराव तिथंच एका पोत्यावर बसले आणि सामानवाल्यासमोर ढसाढसा रडले.

चित्र मात्र ओल खाऊन बसलं होतं. डावीकडचा भाग तर पार बुरसटलेला. दुरुस्ती करणारा शौनक म्हणाला, “काका, याला सहा महिने लागतील. फार सावकाश करावं लागेल.”

“सहा महिने? माझी आत्ती नव्वदीला आली. तेवढा खराब पट्टा काढून टाक.”

“त्यात पडदा आहे, मेज आहे, तबक धरून उभी असलेली मोलकरीण आहे. चित्र अर्धवट होईल, काका.”

“मला चित्र कुठं पाहिजे, बाबा? मला आईचं तोंड पाहिजे.”

शौनकनं पट्टा कापला. खपल्या सुटलेलं ते कापड घंटागाडीत गेलं. नवी चौकट आली, चित्र दोन घड्याळांच्या मधोमध नेमकं बसलं. चेहऱ्यावरचं किटण निघालं आणि गोरी, शांत, किंचित हसणारी ती बाई अशी समोर आली, की मल्हारराव रोज तिच्यापुढं खुर्ची टाकून बसू लागले. आपलं नाक तिच्यासारखं आहे का, हे त्यांनी हळूच आरशातही पाहून घेतलं.

“तुमी काळं ठिक्कर आन् ह्या येवढ्या गोऱ्या?” हरणाबाई म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचेही डोळे भरले होते.

“मी बापावर गेलो,” मल्हारराव म्हणाले.

दुपारी गाडी फाटकात शिरली. सुलाबाई काठी टेकत उतरली. मोतीबिंदू काढल्यापासून तिला सुईत दोरा ओवता येत होता आणि ते ती सगळ्यांना सांगत असे.

“आत्ती, डोळं झाक. मी म्हनीन तवाच उघड.”

“ह्या वयात काय खेळ लावलास रं?” पण तिनं डोळे मिटले. मल्हाररावांनी तिला हाताला धरून चित्रापुढं नेऊन उभं केलं.

“आता बघ.”

सुलाबाईनं पाहिलं. पाहतच राहिली. मग पुढं होऊन तिनं निळ्या झग्यावरून बोटं फिरवली.

“व्हय रं! आपल्या बंगल्यातलंच ह्ये. कुटं गावलं तुला?”

सत्तरीला टेकलेल्या मल्हाररावांनी आत्तीच्या खांद्यावर डोकं ठेवलं. “आत्ती, लय हिंडलो गं. आता मरताना तरी आईचं तोंड डोळ्यांपुढं ऱ्हाईल.”

आत्तीनं त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरा हात चित्रावरून डावीकडं सरकत गेला, नव्या चौकटीला अडला, तिथंच चाचपडत राहिला.

“आरं, पर ही तर मडम,” ती म्हणाली. “हिच्या मागं तबक घिऊन उभी हुती, तुज्या आईवानी दिसायची, ती बाई कुटं गेली?”