एक नंबर, एक कुटुंब

परळच्या त्या चाळीत कुणाचाही सरकारी फॉर्म भरायचा तो तळमजल्यावरच्या सम्यक कांबळेनेच, आणि मोबाइलच्या रकान्यात नंबरही त्याचाच पडायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या घाडीअण्णांचं रेशनकार्ड, गॅस, पेन्शन, सगळ्याचे ओटीपी सम्यकच्या फोनवर यायचे आणि तो जिन्यातून ओरडून सांगायचा. पण त्याच सम्यकने अण्णांच्या मानसीला मागणी घातली, तेव्हा "त्यांच्या घराशी आमचा काहीही संबंध नाही," हे अण्णांचं पालुपद चार वर्षं सुटलं नाही.

शेवटी पोरीपुढे त्यांनी हात टेकले. हिंदमाताहून कापड आणून शिवलेला कोरा सदरा घालून लग्नाच्या नोंदणीला स्वतः हजर राहिले. खिडकीवरच्या बाईंनी दोघांची नावं कॉम्प्युटरमध्ये टाकली आणि कपाळाला हात लावला.

"आजोबा, आता सगळी सरकारी खाती एकमेकांना जोडलीत. एक नंबर, एक कुटुंब. इथे हे दोघं भाऊ-बहीण दिसतायत."

"बाईनू, अख्ख्या चाळीचो तोच नंबर आसा!"

"मग सिस्टिमला अख्खी चाळ भावंडं. मुलीच्या वडिलांनी यावर सही केली, तरच लग्न लागेल."

बाईंनी एक छापील कागद पुढे सरकवला. अण्णांनी चष्मा पुसून तो दोनदा वाचला, व्याह्यांकडे न बघता खाली सही ठोकली.

कागदावर एकच ओळ होती: 'मुलाच्या घराशी आमचा काहीही संबंध नाही.'