पाय लागला

“या वयात सुनेच्या लाथा खायला आणलंय मला,” सासू पुटपुटली आणि सरावाची जाड उशी तिने गुडघ्यांपुढे धरली.

सोसायटीच्या हॉलमध्ये बायकांना स्वसंरक्षण शिकवायला एक मुलगी आली होती. “उंच लाथ सिनेमात ठीक. तुम्ही गुडघ्यावर मारा आणि पाय लगेच मागे घ्या.”

सुनेने लाथ मारली आणि लगेच वाकून सासूला नमस्कार केला. पाय लागला होता ना! “लागलं का हो, आई?”

“अगं, तू चोराच्याही पाया पडशील!” शेजारीण म्हणाली. सगळ्या खिदळल्या.

“डोळ्याखाली काय झालंय?” शिकवणाऱ्या मुलीने सुनेला विचारलं.

“बाथरूममध्ये घसरले.”

हसणं थांबलं. त्या बाथरूमला सासूने दिवाळीतच खडबडीत फरशी बसवून घेतली होती. सगळ्या ती कौतुकाने बघून गेल्या होत्या. आता सगळ्या आपापल्या पावलांकडे बघत होत्या.

सुनेने पुन्हा लाथ मारली, पुन्हा वाकली. सासूने तिचा हात मध्येच धरला. तिची स्वतःची मान मात्र वर होईना.

“माझ्या मुलाला लाथ घालशील ना,” सासू म्हणाली, “तेव्हा अशी वाकू नकोस.”